मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही

तुतानखामेन मला कधीच आवडला नाही. एक तर राजपुत्र, त्यात भित्रा, त्यात नखशिखांत पट्ट्यांत गुंडाळलेला. हातात तलवार नाही, ढाल नाही. दाराआडून डोकावायचं आणि राक्षस दिसला की धूम ठोकायची. ज्याच्यामुळे गोष्ट पुढे सरकते पण आपली छाती एक इंचही फुगत नाही, असल्या पात्राशी मला काय कर्तव्य? माझा माणूस स्फिंक्स. कान सिंहाचे, शेपूट सिंहाची, तलवार साक्षात ओसायरिसची. सतराव्या वर्षी आरशात मला साधारण असाच कुणीतरी दिसायचा. कान तर बऱ्यापैकी जुळतच होते.

‘स्फिंक्स अँड द कर्स्ड ममी’ हा गेम निघाला २००३ मध्ये. पुढच्या वर्षी तो मस्कतच्या मामाच्या बॅगेतून, पिस्त्यांच्या पाकिटांखाली दबून, प्लेस्टेशन २ सकट डोंबिवलीत उतरला. तेव्हापासून आजतागायत, ज्याची ज्याची ओळख झाली त्याला मी हे सांगत आलोय की तो गेम मी संपवलाय. लोक ‘कुठला?’ असं विचारतात. मला तेच हवं असतं. बायोडेटात ‘हाती घेतलेलं काम तडीस नेतो’ असं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हाच गेम होता, कारण तोवर दुसरं काहीच तडीस गेलेलं नव्हतं. इजिप्तविषयीचं माझं पांडित्यही तिथलंच. पिरॅमिडचा विषय निघाला की मी खुर्चीत जरा पुढे सरकतो आणि ‘इम्होतेप’ असं म्हणतो. एवढं पुरतं. पुढचं कुणी विचारत नाही.

विचारलं ते चिनूनं, म्हणजे माझ्या भाच्यानं. वय वर्षं तेरा. फोनवर मी त्याला नेहमीप्रमाणे स्फिंक्सची थोरवी ऐकवत होतो. त्यानं तिकडे त्याच गेमचा व्हिडिओ लावून अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाला, “मामा, हे तर लहान मुलांचं आहे.”

मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला येणार होता. म्हटलं, ये तर खरा. समोर बसवून दाखवतो, लहान मुलांचं म्हणजे काय असतं ते. मात्र रंगमंचावर जाण्याआधी रंगीत तालीम हवी, हे मला कळतं. मी संगणकावरची आवृत्ती विकत घेतली आणि रात्री घर झोपल्यावर, हेडफोन लावून, चोरून सरावाला बसलो. बायकोला एकदा मध्यरात्री जाग आली. पडद्याचा निळा उजेड आणि माझा घामेजलेला चेहरा पाहून तिनं जो काही ग्रह करून घेतला असेल तो असो. “स्फिंक्स खेळतोय” हे मी सांगेपर्यंत ती पाठ फिरवून झोपलीही होती.

ही आवृत्ती मुळात निघाली हीच एक ममीची गोष्ट आहे. गेम तयार केला होता इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या युरोकॉमनं आणि बाजारात आणला टीएचक्यूनं. २०१२ च्या डिसेंबरात युरोकॉम बंद झाली आणि त्याच महिन्यात टीएचक्यूनं दिवाळखोरी पुकारली. दोघांचा अवतार एकदमच संपला. पण टीएचक्यू हे नाव व्हिएन्नाच्या एका कंपनीनं विकत घेतलं, २०१६ मध्ये ते आपल्या नावाला जोडून ती ‘टीएचक्यू नॉर्डिक’ झाली आणि २०१७ मध्ये तिनं हा गेम पेटीतून काढून संगणकावर उभा केला. २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचवरही. बनवणारे गेले, विकणारे गेले, नाव तेवढं पट्ट्यांत गुंडाळून पुन्हा चालायला लागलं.

तालीम सुरू झाली. सुरुवातीला इम्होतेपचे दोन शिष्य, स्फिंक्स आणि होरस, ओसायरिसची तलवार आणायला उरुकला जातात. तिथे उड्या मारायच्या असतात. सतराव्या वर्षी मी त्या उड्या तोंडात चकली धरून मारल्या होत्या. आता दोन्ही हात मोकळे, तोंड मोकळं, डोळ्यांवर ताजा नंबर, आणि स्फिंक्स दर उडीला दरीत. मी कंट्रोलर उलटा करून पाहिला, फुंकर मारली, बॅटरी तपासली. दोष माझ्या बोटांत असावा ही शक्यता मी शास्त्रीय दृष्टिकोन म्हणून विचारात घेतली आणि फेटाळली. कंट्रोलर खराब होता. दुसरा आणला. तोही खराब निघाला.

या गेमचा खरा छळ उड्यांत नाही. तो आहे ‘सेव्ह’ करण्यात. आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही. त्यांचा गेम दर दोन पावलांनी आपणहून लिहून ठेवतो की चिरंजीव इथवर पोचले. आमच्या वेळी जागा ठरलेल्या असत आणि या गेमनं त्या सढळ हातानं पेरल्या असं कुणीही म्हटलेलं नाही. गेम आला तेव्हाच्या परीक्षणांतही याबद्दल कुरकूर होती. पण त्या परीक्षण लिहिणाऱ्यांना डोंबिवलीचं लोडशेडिंग माहीत नव्हतं. गेमच्या कथेत सेत ही अराजकाची देवता दुष्टपणा करते. आमच्याकडे तिला मुद्दाम अवतार घ्यायची गरज नव्हती. खांबावरचा दिवा मालवला की ती आली. विजेचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं, पण वीज ते वाचत नसे. तासभर राक्षस मारायचे, भुंगे गोळा करायचे (तिथलं चलन सोन्याच्या भुंग्यांचं), सेव्हची जागा समोर दिसायला लागायची आणि पंखा हळूहळू थांबायचा. पंखा बंद होताना जो आवाज करतो, तो अजूनही माझ्या पोटात कालवाकालव करतो. आठ एमबीचं मेमरी कार्ड आणि त्यावर आमचं अख्खं पौरुष.

तरी त्या छळाचा एक फायदा होता. गेम संपवला, या वाक्याला वजन होतं. म्हणूनच मी ते वीसेक वर्षं वापरू शकलो.

आता माझ्यातला पंडितही मध्येमध्ये जागा होत होता. तेव्हा न कळलेल्या गमती आता दिसत होत्या. गेममध्ये इम्होतेप गुरू आहे आणि तुतानखामेन राजपुत्र. प्रत्यक्षात सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणारा इम्होतेप तुतानखामेनच्या सुमारे तेराशे वर्षं आधीचा. गेममध्ये अखेनातेन हा तुतानखामेनचा थोरला भाऊ, आणि तोही खरा भाऊ नव्हे, त्याच्या रूपात लपलेला सेत. इतिहासात अखेनातेन बहुधा त्याचा बाप. आणि उरुक? उरुक इजिप्तमध्ये नाहीच. ते गिल्गामेशचं गाव, दक्षिण इराकमधलं. डर्बीच्या मंडळींनी नकाशावर बोट फिरवताना सुएझचा कालवा ओलांडला आणि थांबायचं राहून गेलं. मी हे सगळं एका कागदावर लिहून ठेवलं. चिनूसमोर खेळता खेळता सहज बोलल्यासारखं बोलायचं होतं.

आणि मग आली कॅनोपिक भांडी. इथे वाचकांनी थोडी कळ सोसावी. हा विषय निघाला की मला आवरता येत नाही आणि आमच्या घरात तो जेवणाच्या टेबलावर काढायला बंदी आहे.

गेममध्ये ही भांडी स्फिंक्स शोधून आणतो आणि त्यातल्या जिवावर ममी काही काळ हिंडूफिरू लागते. खऱ्या भांड्यांचं काम उलटं होतं. माणूस मेला की त्याचा मेंदू नाकातून आकडा घालून काढत आणि फेकून देत. एवढी मोठी संस्कृती, पण मेंदूला तिच्यात काडीची किंमत नव्हती. मला हे कळलं तेव्हा इजिप्तशी आपलं जमेल असं वाटलं. मग डाव्या कुशीला चीर देऊन बाकीचा ऐवज बाहेर. यकृत एका भांड्यात, फुप्फुसं दुसऱ्यात, जठर तिसऱ्यात, आतडी चौथ्यात. राखणीला होरसची चार मुलं: माणसाच्या तोंडाचा इम्सेती, वानरमुखी हापी, कोल्हेमुखी दुआमुतेफ आणि ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ. हे शेवटचं नाव मी एका दमात म्हणू शकतो आणि लोकांनी ते म्हणवून घ्यावं अशी माझी इच्छा असते. पुढे पुढे तर प्रथा अशी बदलली की अवयव गुंडाळून परत पोटातच ठेवू लागले. पण भांड्यांशिवाय बरं दिसत नाही, म्हणून शेजारी चार भरीव भांडी ठेवत. आत पोकळीच नाही. हा ‘बरं दिसत नाही’ भाग वाचून मला इजिप्त आणि डोंबिवली यांमधलं अंतर फारसं जाणवेनासं झालं.

हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिकडे हिंडून आला, त्यानं दर लिहून ठेवलेत. म्हणजे आकडे नाहीत, पण प्रकार आहेत. मयताचे नातेवाईक आले की कारागीर त्यांच्यापुढे लाकडी नमुने मांडत आणि विचारत, यातलं कुठलं करायचं? मंगल कार्यालयाचा मॅनेजर साधं, स्पेशल आणि व्हीआयपी असा तीन ओळींचा कागद सरकवतो आणि आपण किती हलके आहोत हे चेहऱ्यावरून ताडतो, तोच कारभार. पहिला प्रकार मी सांगितला तो. दुसऱ्यात चीर द्यायची नाही, देवदाराचं तेल आत सोडून आतल्या आत विरघळवायचं. तिसऱ्यात नुसतं पोट धुऊन काढायचं. त्यानंतर तिन्ही प्रकारांना नॅट्रॉनच्या क्षारात सत्तर दिवस सारखेच. म्हणजे शेवटी मिठात सगळे समान.

या ज्ञानाचा मी एकदाच मनसोक्त उपयोग करू शकलो. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. ठरल्यानंतर मुलीला पहिल्यांदा कुठे घेऊन जावं, यावर मित्रांनी गेटवे, मरीन ड्राइव्ह, एखादं बरं हॉटेल अशी नावं सुचवली. मी तिला प्रेत पाहायला नेलं. प्रदर्शनाचा नायक होता नेस्पेरेनुब, कर्नाकचा पुजारी, सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या पट्ट्या न सोडता स्कॅन करून आत काय आहे ते त्रिमिती चित्रपटात दाखवत होते. डोळ्यांवर तो चष्मा चढवून आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिचा हात माझ्या हाताशी होता आणि मी तिला कुजबुजत्या आवाजात जठर कुठल्या भांड्यात जातं ते सांगत होतो.

मग पडद्यावर नेस्पेरेनुबची कवटी फिरली आणि तिच्या मागच्या बाजूला एक मातीचं वाडगं चिकटलेलं दिसलं. अभ्यासकांचा अंदाज असा की राळ ओतताना ओघळ टिपायला कारागिरांनी डोक्याखाली वाडगं ठेवलं, राळ घट्ट झाली, वाडगं निघेना, आणि शेवटी वैतागून त्यांनी वाडग्यासकट गुंडाळून दिलं. नातेवाइकांना पत्ता नाही. अठ्ठावीसशे वर्षं कुणालाच पत्ता नाही.

ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, “म्हणजे वरून नीट दिसलं की झालं.”

हे वाक्य तिनं मला उद्देशून म्हटलं होतं की कारागिरांना, हे मी अजून विचारलेलं नाही. लग्न झालं.

एक अवयव मात्र ते काढत नसत. हृदय. ते आतच ठेवायचं, कारण पुढे ओसायरिसच्या दरबारात त्याचं वजन व्हायचं असे. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. जड भरलं तर शेजारी अम्मित बसलेली: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. तिथे बेचाळीस देवांसमोर मृतात्मा एकेक पाप घेऊन सांगतो की हे मी केलेलं नाही. बेचाळीस वेळा नाही, नाही, नाही. आणि मला सगळ्यांत आवडतं ते पुढचं. या लोकांना स्वतःच्या हृदयाचा भरवसा नव्हता. मी इकडे नाही म्हणतोय आणि हे आतून हो म्हणालं तर? म्हणून छातीवर दगडाचा एक भुंगा ठेवत आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरत. मंत्राचा मतलब असा की बाबा हृदया, ऐनवेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. म्हणजे पाप करू नये ही शिकवण देवांच्या ठिकाणी, आणि साक्षीदार फोडायची सोय आपल्या छातीवर. खुद्द तुतानखामेनच्या ममीत तर हृदयच सापडलेलं नाही. पठ्ठ्या साक्षीदाराविनाच गेला.

असो. आलो परत.

तर स्फिंक्सचा भाग कसाबसा हाताला बसला, पहिलं भांडं मिळालं आणि गेमनं मला उरुकच्या किल्ल्यात, त्या पट्ट्यांतल्या तुतानखामेनच्या अंगात नेऊन सोडलं. मी कंट्रोलर हातात घेऊन बसलो. समोर कळा, सापळे, दारं. आणि मला काहीही आठवेना. अंधूकसंही नाही. हा जिना, ही जाळी, हा विजेच्या ठिणग्या उडवणारा खांब, मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. स्फिंक्सच्या भागातला अबायडोसचा एकेक दगड मला पाठ होता. आणि हा निम्मा गेम कोरा.

कारण उघड होतं. ममीचा भाग आला की मी हाक मारायचो, “ताई, तुझा आला.”

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तुतानखामेन तिला दिलेला होता. दिलेला म्हणजे मला नको होता. त्यात तलवारबाजी नव्हती, डोकं चालवायचं होतं. ती आतून हात पुसत यायची, जमिनीवर बसायची, आणि मी तेवढ्या वेळात चहा प्यायचो, गॅलरीत जायचो, मित्राला फोन करून सांगायचो की कुठवर पोचलो. परत यावं तर दार उघडलेलं असायचं आणि स्फिंक्स माझी वाट पाहत उभा.

मी एकट्यानं झगडून पाहिलं. ममीला रक्ताची पट्टी नसते. ती मरतच नाही, आधीच मेलेली आहे. तेव्हा तिला काहीही केलेलं चालतं हे मला तत्त्वतः मान्य होतं. पण काय करायचं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईला फोन लावला. ती ठाण्यात एका बँकेत कर्ज विभागात आहे.

“ताई, ती ममी आठवते का गं? उरुकच्या किल्ल्यातली?”

“समोर कस्टमर आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. आणि मग त्याहून हळू, “पेटवलंस का त्याला?”

“कुणाला?”

“त्याला रे. आधी पेटव. पेटल्याशिवाय काही होणार नाही. पेटला की उभा राहू नकोस, पळत सुट आणि जे जे लाकडाचं दिसेल ते जाळत जा. विजेचं यंत्र असेल तर त्याला शॉक द्यायचा. जाळीतून जायचं असेल तर चेपून घे. तीन कळा दिसल्या तर कापून घे, तीन तुकडे होतात, एकेका कळेवर एकेक उभा कर. सोपं आहे.”

पलीकडे शांतता होती. कर्जदार बहुधा आपला अर्ज परत घेऊन चालला असावा.

खरोखरच सोपं होतं. मी त्याला पेटवला. तो आरडाओरडा करत, धूर सोडत किल्लाभर धावला आणि जाळायचं ते जळलं. चेपला, तर कागद होऊन गजांमधून गेला. करवतीखाली घातला, तर तीन झाले आणि तिघेही तुरुतुरु कामाला लागले. सेतनं ओसायरिसचे चौदा तुकडे केले होते म्हणतात, त्या मानानं तीन म्हणजे सवलतच. मला हसू येत होतं आणि हळूहळू कळत होतं की या गेमचा जीव इथे आहे. तलवारीचा भाग त्या काळच्या इतर पाच-पन्नास गेमांत होताच. स्वतःला आग लावून घेऊन दार उघडणारा नायक कुठेच नव्हता. करणाऱ्यांनाही ते उमगलं असावं. काम चालू असताना गेमच्या नावात सेत होता, बाजारात येईपर्यंत त्या जागी ममी आली.

रात्री ताईचाच फोन आला. “झालं का?”

“झालं. तुला एवढं कसं काय आठवतं गं? वीस वर्षं झाली.”

“मला तेवढंच मिळायचं ना खेळायला,” ती म्हणाली. कुरबुरीचा सूर नव्हता. कर्जाची मुदत सांगावी इतक्या सरळ सुरात म्हणाली.

आमच्या घरात कुणी कधी असं म्हटलं नव्हतं की कंट्रोलर मुलाचा. तसं म्हणायची गरजच पडत नसे. मामानं तो ‘तुम्हा दोघांना’ म्हणून आणला होता. पण माझी बारावी म्हणजे मला विरंगुळा हवा, आणि ताईचं बी.कॉम. म्हणजे ती घरातच आहे तर जरा पोळ्या टाक. बारावीत असूनही मी तास तास खेळायचो, आणि सगळे म्हणायचे, किती एकाग्रता आहे बघा. ती वीस मिनिटं बसली की आतून हाक यायची. आणि वीस मिनिटांत ती जे सोडवायची, ते सोडवल्याशिवाय माझी एकाग्रता पुढे सरकत नव्हती. आई-बाबा वाईट नव्हते. आजही नाहीत. फक्त जे दिसत नव्हतं ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि मी ज्या जागी बसलो होतो तिथून तर ते दिसायचं कारणच नव्हतं.

“मग तू तलवार का नाही मागितलीस कधी?” मी विचारलं. गुन्हा तिच्याकडे सरकवण्याची ही जुनी हातोटी.

“मागितली होती. तू म्हणालास, तुला जमणार नाही.”

“मी असं म्हणालो?”

“पण मला तो ममीच आवडायचा,” ती म्हणाली. “मरायची भीती नसली की डोकं बरं चालतं. तुझा तो सारखा मरायचा.”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिनू आला. त्याला सोडायला ताईही आली आणि दोन दिवस राहिली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. शनिवारी दुपारी प्रयोग लावला. बायको, आई, बाबा, सगळे जमले. ताई मागच्या खुर्चीवर लसूण सोलत बसली. उड्या मी निर्दोष मारल्या. राक्षस लोळवले. अधूनमधून “हा इम्होतेप, खरं म्हणजे तेराशे वर्षं आधीचा” असं सहज बोलल्यासारखं बोललो. मग उरुकचा किल्ला. पेटवला, चेपला, तीन तुकडे केले, कुठे अडखळलो नाही. चिनू सरकत सरकत पुढे आला. जळती ममी धावायला लागली तसा तो आडवा पडून हसला.

“मामा, हे भारी आहे! आणि हे सगळं तूच शोधून काढलं होतंस? तेव्हा यूट्यूब पण नव्हतं ना?”

खोलीत अचानक दरबार भरला. आई माझ्याकडे पाहत होती. बायको पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते वाडगं मला स्पष्ट दिसत होतं. बेचाळीस देवांसमोर नाही नाही म्हणणं सोपं आहे, कारण त्यांच्यातला एकही २००४ मध्ये डोंबिवलीत राहत नव्हता. इथे साक्षीदार साक्षात मागच्या खुर्चीवर लसूण सोलत होती आणि माझ्या छातीवर साधा शर्टाचा खिसा होता.

मी घसा खाकरला. “म्हणजे कसं आहे चिनू...”

“हो, त्यानंच,” ताई म्हणाली. तिनं वर पाहिलंही नाही. “तुझ्या मामाचं डोकं फार चालायचं.”

मला जे वाटलं त्याचा तपशील इथे देत नाही. ताईनं सोललेल्या पाकळ्या ताटलीत टाकल्या, हात पदराला पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि माझ्यापुढे हात पसरला.

“आण. आता तलवारीचं मी खेळणार. ममी आली की तुला हाक मारते.”

गप्प बसण्याचे दर इजिप्तमध्येही होतेच, भुंगा काही फुकट मिळत नसे. मी कंट्रोलर दिला. चिनू तिच्याकडे सरकला. स्फिंक्सनं तलवार उपसली, आवेशात चार पावलं गेला आणि पहिल्याच राक्षसानं त्याला आडवा केला. ताईनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा आडवा. तिनं कंट्रोलर उलटा करून पाहिला, त्यावर फुंकर मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुझा कंट्रोलर खराब आहे रे.”

“हो ना,” मी म्हणालो. “दुसरा देऊ? तोही खराबच आहे.”